कोण कुठे झोपणार

हे रात्री वाचलंत तर बरं. जेवणं झालेली, ओटा पुसलेला, दाराला कडी घातलेली. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. रोज जिथे झोपता तिथेच येऊन बसा, पाय खाली सोडून. टेकतात का जमिनीला? टाचेसकट, की नुसते चवडे? बघून ठेवा. पुढे लागेल.

निमित्त सांगते. मे महिन्यात आम्ही अकरा माणसं चार रात्रींसाठी आंजर्ल्याला चाललोय. अकरावं माणूस दहा महिन्यांचं आहे, पण झोपेच्या बाबतीत त्याचं अर्धं तिकीट धरता येत नाही. घर ठरलंय. चिऱ्याचं, कौलारू, वाडीतलं. पुढे पडवी, मग हॉल, हॉलच्या दोन अंगांना दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि त्याच्या शेजारच्या बोळातून जायचं संडास-बाथरूम. डावीकडच्या खोलीत मोठा पलंग, एसी आणि तिचं स्वतःचं बाथरूम. उजवीकडच्या खोलीत दोन सिंगल कॉट. बाकी गाद्या लागतील तेवढ्या. परवा त्या घरच्या काकूंचा फोन आला, "ताई, कोण कुठे झोपणार तेवढं सांगून ठेवा, म्हणजे तसं लावून ठेवते." मी म्हटलं, उद्या कळवते. त्याला आज दोन दिवस झाले.

कागद घेऊन बसले होते. एका बाजूला नावं, दुसऱ्या बाजूला जागा. पहिलं नाव आईचं लिहिलं आणि पेन तिथेच थांबलं. आई हल्ली कोणत्या कुशीवर झोपते, रात्री किती वेळा उठते, तिला दिवा लागतो की अंधार, यातलं मला काहीच माहीत नाही. तिचा रक्तदाब मला माहीत आहे, गोळ्यांच्या वेळा पाठ आहेत, बँकेतल्या ठेवी कधी संपतात तेही माहीत आहे. रात्र मात्र माहीत नाही. आमच्या घरांना वेगळ्या बेडरूम झाल्या आणि एकमेकांच्या रात्री आमच्यापुरत्या बंद झाल्या.

तुमच्या घरातलं वयाने सर्वांत मोठं माणूस आठवा. त्याच्या रात्रीबद्दल तुम्हाला काय काय ठाऊक आहे? घाई नाही. मी थांबते.

आता त्या घरात जाऊ. सगळ्यांच्या आधी, एकट्याने. डोळे मिटा म्हटलं तर वाचणार कसं, म्हणून उघडेच ठेवा, पण नजर सैल सोडा. रात्रीचा एक वाजलाय. चपला पडवीत काढल्यात. पायाखाली गार फरशी. वाडीतून सुपारीच्या झावळ्यांची सळसळ येतेय, आणि तिच्यामागे समुद्राची एकसुरी गाज, जी दिवसा ऐकूच येत नव्हती. हॉलमध्ये या. दिव्याचं बटण शोधा. दाराच्या आतल्या बाजूला नाही. बाहेरच्या बाजूला, हां. परक्या घरात बटण कधीच आपला हात जातो तिथे नसतं. ते सापडेपर्यंत हाताने भिंत चाचपायला लागते. त्या चाचपण्यात जे काही वाटतं, ती किंचित भीती, ती नीट बघा. तुम्ही पन्नाशीचे असाल तर ती एका क्षणाची असते. अठ्ठ्याहत्तरीच्या माणसाला तीच भीती रात्रीतून दोनदा वाटते.

गादीवर हात ठेवा. कापसाची आहे की फोमची? कोकणातली कापसाची गादी हवेतली ओल पिते. तिला वरचेवर ऊन दाखवावं लागतं, आणि काही वर्षांनी पिंजाऱ्याकडे देऊन कापूस पिंजून घ्यावा लागतो. नाहीतर मधे गठ्ठे होतात आणि माणूस दोन गठ्ठ्यांच्या खळग्यात रात्र काढतो. फोमला ही कटकट नाही, पण मे महिन्यात तो पाठीखाली तापतो. आजोळी सावरीच्या कापसाची एक उशी होती. तिच्यावर डोकं टेकलं की ती खाली खाली जायची आणि कानाशी कुजबुजल्यासारखा आवाज व्हायचा. त्या उशीवरून भावंडांत मारामाऱ्या झाल्या आहेत. आता नाकाने बघा. कुबट वास येतो का? येत असेल तर काकूंना आधी गाद्या उन्हात टाकायला सांगायचं, मग माणसांचं बोलायचं.

मापं एकदाच बघून घेऊ, कारण फसवणूक तिथेच होते. सिंगल गादी साधारण तीन फूट रुंद असते. 'डबल' म्हणून मिळते ती चार फुटांची, क्वीन पाच फुटांची, किंग सहा फुटांची. चार फुटांच्या गादीवर दोघांनी झोपायचं म्हणजे माणशी दोन फूट. क्वीनवर अडीच. एकट्याने सिंगल कॉटवर झोपलात तर तीन फूट मिळतात. म्हणजे दोघांच्या राजेशाही पलंगावर माणसाला स्वतःची अशी जागा एकट्याच्या कॉटपेक्षा कमीच मिळते. किंगवर बरोबरी होते, इतकंच. 'कपल रूम, डबल बेड' अशी पाटी लावणाऱ्याने हा भागाकार केलेला नसतो. करतो तो झोपणारा, रात्री अडीच वाजता, कडेला लटकताना.

आता माणसं एकेक करून आत आणू.

आई. दोन वर्षांपूर्वी अशाच एका समुद्रकाठच्या कॉटेजात आम्ही तिला सर्वांत चांगली खोली दिली होती. सहा फुटी पलंग, एसी, जाड गादी, जोडून बाथरूम. मोठ्या माणसाला चांगली खोली द्यायची, यात विचार करण्यासारखं काय होतं? आम्ही सगळे बाहेर हॉलमध्ये गाद्या टाकून बारा-साडेबारापर्यंत पत्ते कुटत होतो. पहाटे साडेपाचला मी पाणी प्यायला उठले तर आई पडवीतल्या लाकडी बाकावर बसलेली. पदर डोक्यावरून घेतलेला, पाय वर, हात गुडघ्याभोवती. "झोप नाही लागली का गं?" विचारलं तर म्हणाली, "लागली की, छान लागली." मी खोलीत डोकावले. त्या सहा फुटी पलंगाची एक कड, जेमतेम दीड फूट, चुरगळलेली होती. बाकीची चादर घडीच्या खुणांसकट तशीच होती. पलंग इतका उंच की ती बसली असती तर पाय लोंबकळले असते. नवा गुडघा बसवून तेव्हा वर्ष झालं होतं. उतरता येईल की नाही या धास्तीने ती रात्रभर कडेलाच राहिली होती. एसीचा रिमोट तिला कळला नव्हता. आणि दाराबाहेर आमचं खिदळणं चाललं होतं, जे तिला ऐकू येत होतं आणि ज्यात ती नव्हती.

आम्ही तिला मान दिला होता. खोली देताना तिला माणसांतून उठवून बाजूला ठेवलं होतं, हे मला त्या चुरगळलेल्या दीड फुटाने सांगितलं.

इथे जरा रेंगाळा. तुम्ही कोणाला सर्वांत चांगली खोली देऊन मोकळे झाला आहात का?

परक्या जागी पहिल्या रात्री झोप का लागत नाही, याचा शोध अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी घेतला होता. २०१६ साली त्यांनी जे प्रसिद्ध केलं ते वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही, तो आवाजांकडे कान देऊन असतो. म्हणजे आपल्यातला अर्धा माणूस पहाऱ्यावर बसतो. अंगणात कुत्रा असतो तसा. मला वाटतं, हॉलमध्ये सात जण एकत्र झोपतात तेव्हा हा पहारा वाटला जात असावा. हे शास्त्र नाही, हा माझा तर्क. पण माजघरात आजीपासून तान्ह्यापर्यंत सगळे ओळीने झोपायचे तेव्हा मध्येच कोणीतरी खोकायचं, कोणीतरी पाणी प्यायचं, आणि त्या आवाजांनी कोणी जागं होत नसे. उलट तो आवाज थांबला तर आजी डोळे उघडायची.

चरकसंहितेने आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले. रात्रीच्या आपोआप येणाऱ्या झोपेला तिथे भूतधात्री म्हटलंय. धात्री म्हणजे दाई, सांभाळणारी. लहानपणी झोपेच्या आणि आपल्या मधे खरोखरच एक सांभाळणारी बाई असायची. हात पाठीवर, थोपटणं मंदावत मंदावत थांबायचं, आणि आपण अजून जागे आहोत हे तिला कळू नये म्हणून आपण श्वास धरायचो. तो हात आठवतो का? कोणाचा होता?

काल मी आईला फोन केला. विचारलं, "आंजर्ल्याला तुला कुठे झोपायला आवडेल?" उत्तर ठरलेलं. "मला काय गं, कुठेही चालेल." हा प्रश्नच चुकीचा होता. आमच्या पिढीपर्यंतच्या बायकांना 'तुला काय आवडेल' हा प्रश्न कळतो, पण त्याचं उत्तर द्यायची सवय नाही. मग वेगळं विचारलं, "रात्री उठलीस की पहिल्यांदा काय शोधतेस?"

थोडा वेळ ती गप्प. मग म्हणाली, "भिंत."

"कुठल्या हाताला?"

"डाव्या. उजव्या हातात काठी असते ना."

लांबलचक पत्र लिहूनही मिळालं नसतं इतकं त्या दोन उत्तरांत मिळालं. आता आईची जागा ठरवणं म्हणजे खोली निवडणं राहिलंच नाही. पलंगावरून उठून बाथरूमपर्यंत डाव्या हाताला अखंड भिंत कुठे आहे, एवढंच बघायचं. डावीकडच्या त्या एसीच्या खोलीत बाथरूम जोडून आहे, पण फोटोत पलंग खोलीच्या मधोमध आहे आणि भिंतीला लागून कपाट. हॉलमध्ये मात्र मागच्या बोळाकडे जाणारी भिंत सरळ आहे, मधे एकही दार नाही. मी फोटो इतका मोठा करून बघितला की चिऱ्याचे सांधे दिसायला लागले.

तुमच्या पायांकडे परत या. टाच टेकत होती का? वयस्क माणसासाठी पलंग पारखायची हीच रीत. बसल्यावर गुडघे काटकोनात, पाऊल पूर्ण जमिनीवर, आणि गादी इतकी मऊ नको की उठताना माणूस आधी खाली जाईल. फार उंच पलंगावरून उतरणं अवघड, तसं फार बुटक्यावरून उठणं अवघड. खाली जमिनीवर तर आईला आता झोपवताच येत नाही. ज्या बाईने चाळीस वर्षं सगळ्यांच्या गाद्या घातल्या आणि काढल्या, तिला गादीवर बसायचं तर दोन माणसं लागतात.

मला स्वतःला खालीच आवडतं. वेळासला कासवं बघायला गेलो होतो तेव्हा गावातल्याच एका घरात राहिलो. तिथे बहुतेक पाहुणे असेच गावकऱ्यांच्या घरात उतरतात. समुद्री कासवांची पिल्लं सकाळी लवकर सोडतात, म्हणून सगळ्यांनी वेळेत आडवं व्हायचं. हॉलभर एकाला एक लागून गाद्या, वर एक पंखा. ओळखी दुपारच्या जेवणाएवढ्याच. पण खाली झोपल्यावर सगळ्यांची डोकी एका पातळीवर येतात, आणि अंधारात एका पातळीवरच्या माणसांत बोलणं सहज होतं. पलंगावरून खालच्या गादीशी बोललं की त्यात किंचित वरून बोलल्यासारखं होतंच. कोणी करत नाही, उंची करते.

लहानांचं सोपं आहे, पटकन उरकू. बाळाला टणक, सपाट, पातळ गादी, जमिनीवर, आईच्या शेजारी पण वेगळी. पाठीवर झोपवायचं. उशी नाही, लोड नाही, सैल चादर नाही. हौशी आजी दोन्ही बाजूंना उशांचा कोट रचतात, तो अजिबात नको. पलंग भिंतीला सरकवून 'पडणार नाही आता' म्हणणं तर त्याहून वाईट, कारण भिंत आणि गादी यांमधली फट बाळाच्या डोक्याएवढी असू शकते. बंक बेड या घरात नाहीत. असते तर सहा वर्षांखालच्याला वर चढू द्यायचं नाही, हा नियम कितीही रडारड झाली तरी मोडायचा नाही. माझा तेरा वर्षांचा मुलगा कुठेही झोपेल, फक्त आईपासून लांब. त्याला पडवी हवी आहे. मिळेल.

दादा. दादा घोरतो, म्हणजे घोरायचा. आता तो सी-पॅपचं मशीन लावून झोपतो, त्यामुळे त्याला उशाशी प्लग लागतो. हे आम्हा सगळ्यांच्या मनात कुठेच नोंदलेलं नव्हतं. वहिनीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "एक्स्टेंशन कॉर्ड मी आणतेच आहे, तू नको काळजी करू." म्हणजे गेली चार वर्षं ती प्रत्येक प्रवासात बॅगेच्या तळाशी पाच मीटर वायर घेऊन हिंडते आहे आणि आम्हाला पत्ताच नाही. पडवीत प्लग आहे, मी काकूंना विचारून घेतलं. दादा पडवीत, माझा नवरा पडवीत, मुलगा पडवीत, मच्छरदाण्या लावून. मे महिन्यात वळवाचं वारं सुटलं की लाईट जाते, मशीन बंद पडेल, घोरणं सुरू होईल, आणि ते ऐकायला समुद्र आहेच.

पुरुष पडवीत आणि बायका-पोरं आत. एवढी वर्षं शिकून-सवरून, एकोणीसशे वीस सालच्या कोकणी घरासारखीच मांडणी माझ्या कागदावर उतरली, हे बघून मी थोडी खजील झाले. मग विचार केला, त्या वेळी कोणी विचारत नव्हतं, इथे प्रत्येकाला विचारलंय. एवढा फरक मला पुरतो. नाही पुरला तर भाचीला सांगा, ती भांडायला तयार असते.

भाचीचंच बोलायचं तर मोठा पलंग आणि एसीची खोली तिला, तिच्या बाळाला आणि वहिनीला. रात्री तीनदा उठणाऱ्या बाईला जोडून बाथरूम हवं, बंद होणारं दार हवं, आणि तिसऱ्या वेळी 'दे इकडे, तू झोप' म्हणणारं माणूस हवं. आजोळी बाळंतिणीची खोली असायची, अंधारी, बाजेखाली शेगडी. धुराने डोळे चुरचुरायचे. तरी त्या खोलीत एक शहाणपण होतं: घरातली एक अख्खी खोली, चार भिंतींसकट, कोणा एकीच्या झोपेसाठी काढून ठेवलेली होती.

राहिली उजवीकडची खोली. दोन सिंगल कॉट. भाच्याचं लग्न होऊन पाच महिने झालेत. आमच्याकडे सगळ्या सहलींत नवीन जोडप्याच्या झोपण्याचा विषय इतक्या आडवळणांनी काढला जातो की त्यापेक्षा न काढलेला बरा. कोणीतरी म्हणतं, "ते काय, ॲडजस्ट करतील." कोणीतरी विनोद करतं. नव्या सुनेला त्या विनोदावर हसावं लागतं. ते हसू तुम्ही कधी जवळून पाहिलंय का? ओठ हसतात आणि डोळे पायाच्या अंगठ्याकडे. काकूंना मी एवढंच सांगणार आहे, त्या दोन कॉट जोडून घ्या, मधल्या फटीत एक चादर उभी दुमडून घाला आणि दोन्हींवर मिळून एक मोठी चादर अंथरा. तीन आणि तीन सहा. त्या खोलीची कडी आतून नीट बसते का तेवढं तपासा. आम्ही पोचू तेव्हा ते तसं लावलेलं असेल आणि त्यावर कोणालाच काही बोलावं लागणार नाही.

आता श्वास जरा खाली जाऊ द्या, कारण पुढचं नाव मी दोनदा विसरले होते. कागदावर दहाच नावं होती. मोजलं, परत मोजलं. मग आठवलं. मावशी.

मावशी चौऱ्याहत्तरची. लग्न केलं नाही, शाळेत शिकवलं. आमच्या प्रत्येक लग्नात, बारशात, सहलीत ती असते आणि प्रत्येक वेळी सगळ्यांच्या जागा ठरून जी उरते ती तिची. आजोळी तिचं अंथरूण स्वयंपाकघराच्या दाराशी असायचं, कारण तिथून रात्री ये-जा असते आणि ज्याची झोप मोडली तरी चालेल अशा माणसाने तिथे झोपायचं असतं. तिने तक्रार केल्याचं मला आठवत नाही. तक्रार करायची तर तिला कोणाच्या तरी आधी जागा मागावी लागली असती. सकाळी आम्ही उठायच्या आत तिची वळकटी बांधून कोपऱ्यात उभी असायची, जणू रात्री तिथे कोणी झोपलंच नव्हतं.

तुमच्या घरातलं असं माणूस कोण आहे? घाईने नाव घेऊ नका. जे नाव पहिल्यांदा आलं ते नसेलही. जे मोजताना निसटलं ते असेल.

मावशीला मी फोन नाही केला, भेटायलाच गेले. चहा झाल्यावर विषय काढला. ती म्हणाली, "मला कुठेही टाक, मला काय!" मी म्हटलं, "टाकायचं नाहीये. सांग." ती बराच वेळ कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "खिडकी असली तर बरं. पहाटे बाहेरचं उजाडताना दिसतं. पण ताईच्या बाजूला पंखा असेल ना, ती—" मी तिला पुढे बोलू दिलं नाही. खिडकी. पूर्वेची. हॉलला एकच खिडकी आहे, वाडीच्या अंगाला, आणि आंजर्ल्याला समुद्र पश्चिमेला म्हणजे वाडी पूर्वेलाच. खिडकीखाली एक कॉट.

मग उरले मी. मला वाटलं होतं, माझी जागा सर्वांत शेवटी ठरवणं हा माझा मोठेपणा. मननाला बसलं की असलं काही फार वेळ टिकत नाही. मी शेवटी राहिले कारण मला नेमकं तिथेच यायचं होतं. आईची भिंत आणि मावशीची खिडकी यांच्यामधली खालची गादी. पन्नाशी उलटल्यावर तिथे झोपायला मिळणं हे निमित्ताशिवाय होत नाही, आणि मी ते निमित्त अकरा माणसांना कोकणात नेऊन उभं केलंय.

आता तुम्हीही तुमच्या जागेवर आडवे व्हा. मी तिकडे त्या गादीवर आडवी होते. वर कौलं. पंख्याची एक पाती किंचित वाकडी आहे, तिचा टकटक आवाज. डाव्या बाजूला आईचा श्वास, दोन छोटे आणि एक लांब. मावशी जागी आहे, तिला वाटतंय की ती जागी आहे हे कोणाला कळत नाहीये. एसीच्या खोलीतून बाळाची एक कुरकुर, मग वहिनीचं थोपटणं, मग काही नाही. पडवीत दादाचं मशीन सुस्कारतंय. उजव्या खोलीतून दबक्या आवाजातलं बोलणं, ते ऐकू नये म्हणून मी कूस बदलते. माझ्यातला अर्धा माणूस पहाऱ्यावर बसलाय. बसू दे. इतक्या आवाजांत त्याला काम नाही.

सकाळी मी काकूंना फोन लावला.

"काकू, एसीच्या खोलीत आहे तसं राहू दे, खाली बाळासाठी एक पातळ गादी. कापसाचीच, पण पिंजलेली."

"हो, नवीनच आहेत दोन."

"उजवीकडच्या कॉट जोडून ठेवाल?"

"ठेवते." एवढंच. पुढे काही विचारलं नाही. बाई चांगली आहे.

"आणि आईसाठी हॉलमध्ये एक पलंग हवाय, पण उंच नको. तुमच्याकडे असेल त्यावर जरा बसून बघाल का? पाय पूर्ण टेकायला हवेत."

फोन ठेवल्याचा आवाज, चपलांचा आवाज, लाकडाचा करकर आवाज. लांबून त्या ओरडल्या, "टेकतात माझे!"

"तुमची उंची किती?"

"पाच-चार."

"आई चार-अकरा आहे, काकू."

थोडी शांतता. मग त्या परत फोनजवळ आल्या. "मग हा नको. आमच्या ओटीवर एक बुटका दिवाण आहे, सासूबाईंचा होता. तो आणून टाकते. पण ताई, तो खोलीत मावायचा नाही हां, हॉलमध्ये भिंतीला लावूनच ठेवावा लागेल."

"तिथेच हवाय. बोळाकडे जाते त्या भिंतीला. आणि खिडकीखाली एक कॉट, मावशीला."

"आणि मधे खाली? किती गाद्या घालू?"

"एक," मी म्हटलं. मग पडवीतला मुलगा पहिल्याच रात्री डास चावतात म्हणून आत येईल हे आठवलं. "दोन घाला."